गिटार आधी, यंत्र नंतर: इलेक्ट्रॉनिक बोसा नोव्हाची संकलनं निवडायची आणि आपलं स्वतःचं लावायची रीत

माझ्या मावसभावानं म्हापशाजवळ छोटंसं कॅफे काढलं, तेव्हा संध्याकाळी वाजवायची गाणी निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी मोठ्या उत्साहानं इलेक्ट्रॉनिक बोसा नोव्हाच्या (ब्राझीलचं हळुवार गिटारसंगीत, त्यात यंत्राचा ठेका) चार-पाच संकलनांतून पंचवीस गाणी उचलली आणि एकामागोमाग एक लावून दिली. पाऊण तासानं तो गल्ल्यावरून उठून आला आणि म्हणाला, "दादा, गाणं बदललं की नाही अजून?"

त्याचं चुकलं नव्हतं. सगळ्या गाण्यांची लय जवळपास एकच, सगळ्यांत कुजबुजणारा बायकी आवाज, तोच झांजेसारखा कंप्युटरी ठेका आणि मागे कुठेतरी पुसट गिटार. यादी मी केली होती, पण ऐकून केली नव्हती. पुढची काही वर्षं हे संगीत जरा नीट ऐकलं, संकलनांच्या पाठी वाचल्या, याद्या लावल्या, मोडल्या. त्यातून हाताशी आलेली रीत खाली देतो आहे. कंप्युटर, फोन आणि बरे हेडफोन एवढं असलं तरी पुरतं. गिटार वाजवता यायची गरज नाही, टाळी वाजवता आली पाहिजे.

पायरी १: यंत्र बाजूला ठेवा, आधी अंगठा ऐका

बोसा नोव्हा जन्मली रिओ द जानेरोत, १९५०च्या दशकाच्या शेवटी, कोपाकबाना आणि इपानेमाच्या समुद्रकाठच्या वस्त्यांत. आंतोनियो कार्लोस जोबीम चाली बांधत होता, विनिसियस द मोराइस हा कवी आणि परराष्ट्र खात्यातला अधिकारी शब्द लिहीत होता, आणि बाहियातल्या जुआझेरू गावाहून आलेल्या जुआंव जिल्बेर्तोनं गिटारीचा असा ठेका शोधला की सांबाचा अख्खा तालवाद्यांचा ताफा सहा तारांवर मावला. १९५८मध्ये त्याची पहिली बोसा तबकडी आली, १९५९मध्ये 'शेगा द साउदाद' ही लाँग प्ले. त्यात बारा गाणी आहेत आणि सगळी मिळून पंचवीस मिनिटंही भरत नाहीत. आजच्या एखाद्या रीमिक्सच्या तीन गाण्यांत ती अख्खी संपेल.

ही लाँग प्ले आधी ऐका. एकदा नुसती, आणि दुसऱ्यांदा हाताची बोटं मेजावर ठेवून.

आपल्याकडे तबला कानावरून गेलेला असतो, तेव्हा हे तीनतालाच्या सोळा मात्रांवर समजून घेणं सोपं जातं. मनात एक ते सोळा मोजा, सावकाश. अंगठ्यानं १, ५, ९, १३ वर मेजावर ठोका द्या. या तीनतालाच्या चारही विभागांच्या सुरुवाती झाल्या. गिटारवाल्याचा अंगठा मंद्र तारांवर इथेच पडतो. सांबात हे काम 'सुर्दू' नावाचा मोठा ढोल करतो आणि त्याचा खरा जोर पहिल्या ठोक्यावर नसतो, दुसऱ्यावर असतो. म्हणजे आपल्या मोजणीत ५ आणि १३ जड, १ आणि ९ हलके. समेवर जोर द्यायची सवय असलेल्या माणसाला सुरुवातीला पायाखालची पायरी चुकल्यासारखं वाटतं. वाटू द्या.

आता दुसऱ्या हाताच्या बोटांनी १, ४, ७, ११, १४ वर टिचक्या द्या. अंगठा चालूच ठेवायचा. दोन्ही हात फक्त एकवर भेटतात. बाकी चारही टिचक्या अंगठ्याला चुकवून जातात: चौथ्या मात्रेवरची त्याच्या एक मात्रा आधी येते, चौदाव्या मात्रेवरची एक मात्रा उशिरा. बोसा नोव्हाचं ते तरंगणं इथून येतं. क्यूबाच्या संगीतातली प्रसिद्ध पाच टाळ्यांची रचना १, ४, ७, ११, १३ अशी असते, फरक फक्त शेवटच्या टाळीचा. ती एक मात्रा पुढे सरकली की खांदे हलवणारं संगीत खुर्चीत रेलून ऐकायचं होतं. अर्थात सोळा मात्रांचा हा एक नमुना झाला. गिटारवाले त्याला सतत वळणं देत राहतात, आणि जिल्बेर्तो तर वर गाताना शब्द कधी ठेक्याच्या आधी सोडतो, कधी मागे ओढतो. आवाजात कंप नाही, चढवणं नाही. शेजारच्या खोलीत कुणी झोपलेलं असावं असं गाणं.

हा सराव दोन-तीन दिवस करा, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या याच्यावर उभ्या आहेत. एकदा अंगठा आणि टिचक्या वेगळ्या ऐकू यायला लागल्या की कुठलंही इलेक्ट्रॉनिक बोसा गाणं अर्ध्या मिनिटात पारखता येतं.

पायरी २: यंत्र कुठे बसलंय ते ओळखा

'इलेक्ट्रो-बोसा' या एका नावाखाली निदान चार वेगळे प्रकार विकले जातात. संकलनांमध्ये ते सर्रास मिसळलेले असतात, म्हणून आधी वेगळे करावे लागतात.

पहिला प्रकार माझ्या मते सगळ्यांत कसाचा: गाणंच यंत्राला धरून नव्यानं घडवलेलं. याचं मूळ उदाहरण म्हणजे बेबेल जिल्बेर्तोचा 'तांतो तेम्पो' (२०००). ती जुआंव जिल्बेर्तो आणि गायिका मियूशा यांची मुलगी, जन्म न्यूयॉर्कचा. त्याआधी १९९४मध्ये तोवा तेई या जपानी संगीतकाराच्या 'फ्यूचर लिसनिंग'मध्ये ती गायली होती. म्हणजे टोकियोनं हा प्रयोग बराच आधी सुरू केला होता. 'तांतो तेम्पो'चा मुख्य निर्माता मितार सुबोतिच, लोक त्याला सुबा म्हणत. सर्बियातल्या नोव्ही सादचा हा माणूस साओ पावलोत येऊन स्थायिक झाला, तिथल्या तालांत बुडाला आणि १९९९मध्ये स्वतःचा 'साओ पावलो कन्फेशन्स' काढला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये घराला लागलेल्या आगीत तो गेला. 'तांतो तेम्पो' बाजारात आलेला त्यानं पाहिला नाही.

हा अल्बम हेडफोनवर ऐका आणि यंत्र काय काय करत नाही, याकडे लक्ष द्या. गिटारीचा अंगठा जिथे पडतो तिथे यंत्राचा जड ढोल बहुतेक वेळा गप्प राहतो किंवा अगदी हलका येतो. खुळखुळ्यासारखे, घासल्यासारखे आवाज टिचक्यांच्या मधल्या फटींत बसवलेले असतात. पाहुणा आला आहे, पण यजमानाच्या खुर्चीत बसलेला नाही.

दुसरा प्रकार जुन्या ध्वनिमुद्रणाच्या रीमिक्सचा. जॅझसाठी नावाजलेल्या व्हर्व्ह कंपनीनं २००२मध्ये 'व्हर्व्ह रीमिक्स्ड' काढलं, त्यात गायिका ॲस्ट्रड जिल्बेर्तोचं जुनं गाणं वॉशिंग्टनच्या थीव्हरी कॉर्पोरेशननं नव्यानं मांडलं आहे. रिओमध्ये बोसाकुकानोव्हा या त्रिकुटानं जुनी बोसा गाणी घेऊन 'रिव्हिजिटेड क्लासिक्स' केलं. या त्रिकुटातला मार्सिओ मेनेस्काल हा रोबेर्तो मेनेस्काल या पहिल्या पिढीतल्या बोसा संगीतकाराचा मुलगा. २००१च्या 'ब्राझिलिदाद'मध्ये तर बाप स्वतः गिटार घेऊन मुलाच्या यंत्रांसोबत बसला. रीमिक्समध्ये मूळ गाणारा हजर नसतो, हो-ना म्हणू शकत नाही. इथे तो खोलीतच होता, आणि ते ऐकू येतं.

रीमिक्सची एक तांत्रिक अडचण माहीत असावी. जुनी ध्वनिमुद्रणं माणसांनी एकमेकांकडे बघत वाजवलेली आहेत, लय किंचित पुढे-मागे होते. यंत्राचा ठेका मात्र घड्याळासारखा. मग रीमिक्स करणारा जुन्या गाण्याला ताणून-आखडून चौकटीत बसवतो. जास्त ताणलं की गायकाच्या स्वरांना पाण्याखालून आल्यासारखी थरथर येते आणि गिटारीच्या तारांचा टोकदारपणा जातो. हा दोष एकदा कानाला कळला की परत लपत नाही.

तिसरा प्रकार नाचायचा. साओ पावलोच्या डीजे मार्की, एक्सआरएस आणि पाटीफे यांनी ड्रम अँड बेस या वेगवान ब्रिटिश नाचसंगीताला ब्राझीलची गिटार जोडली. मार्की आणि एक्सआरएसचं जॉर्जी बेन आणि टोकिन्यू यांच्या जुन्या गाण्यावर बेतलेलं गाणं २००२मध्ये ब्रिटनच्या पहिल्या वीसांत गेलं. फेर्नांदा पोर्तोची गाणीही याच लाटेतली. एवढ्या वेगवान ठेक्यावर एवढं निवांत गाणं कसं बसतं? हिशेब सोपा आहे. ड्रम अँड बेसचा वेग मिनिटाला १७० ते १७५ ठोके. त्याचा निम्मा ८५ ते ८७. गिटार आणि आवाज निम्म्या वेगानं चालतात, ढोल दुप्पट वेगानं. आपल्याकडे ठुमरीत तबलजी लग्गी लावतो तसं थोडंसं. हाऊस या क्लबातल्या नाचसंगीताचा ठेका मात्र १२० ते १२८चा, प्रत्येक ठोक्यावर सारखाच जड. इथे गिटारीचा अंगठा आणि यंत्राचा ढोल नेमके एकाच जागी आदळतात. गिटारीची सगळ्यांत खालची तार सुमारे ८२ हर्ट्झवर बोलते, ढोलाचा गाभाही तिथेच आसपास. निर्मात्यानं दोघांपैकी एकाला वाट करून दिली नाही तर खाली नुसता चिखल होतो. बाजारातल्या स्वस्त बोसा-हाऊसमध्ये हा चिखल जागोजागी भेटतो. नाकापेक्षा मोती जड.

चौथा प्रकार उलटा: दुसरीकडची प्रसिद्ध गाणी बोसाच्या ठेक्यावर. ब्युनोस आयर्सच्या म्युझिक ब्रोकर्सनं २००५च्या सुमारास 'बोसा एन स्टोन्स', 'बोसा एन मार्ले' अशी मालिकाच काढली, आणि आज कॉफीच्या दुकानांत ऐकू येणारं पुष्कळसं या जातीचं असतं. फ्रान्सच्या नूवेल व्हाग या गटानं हेच २००४मध्ये जरा डोकं वापरून केलं. त्यांनी १९८०च्या आसपासच्या इंग्रजी न्यू वेव्ह गटांची गाणी बोसात गायली. पोर्तुगीजमध्ये बोसा नोव्हा, फ्रेंचमध्ये नूवेल व्हाग, इंग्रजीत न्यू वेव्ह: तिन्हींच्या पोटात नवी लाट. विनोद एकदा छान वाटतो. सलग दहा गाणी ऐकली की विनोदच उरतो. माझ्या यादीत या प्रकारातलं एकाहून जास्त गाणं कधी नसतं.

पायरी ३: संकलनाची पाठ वाचा

मी घेतलेली पहिली इलेक्ट्रॉनिक बोसाची सीडी मुंबईतल्या एका दुकानातली. मुखपृष्ठावर सूर्यास्त, ताडाची झाडं आणि पाठमोरी बाई. घरी येऊन बघतो तर गायकांची नावं अशी की ती त्या सीडीपलीकडे कुठेच सापडेनात. गाणी सगळी ओळखीची, पण कुणा अनामिकांनी एकाच कीबोर्डावर उरकलेली. पैसे गेले, पण पाठ वाचायची सवय लागली.

संकलन सीडीचं असो, तबकडीचं असो की ऑनलाइन, एवढं बघायचं. प्रत्येक गाण्यापुढे गायक किंवा गटाचं नाव आहे का, आणि त्या नावाचा स्वतःचा एखादा अल्बम अस्तित्वात आहे का? गीतकार-संगीतकारांची नावं आहेत का? मूळ कुठल्या कंपनीकडून आणि कुठल्या वर्षी गाणं घेतलं, हे छापलंय का? रीमिक्स असेल तर तो कोणाचा? आणि संकलन करणाऱ्या माणसाचं नाव आहे का? ही शेवटची गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. ज्याचं नाव छापलंय, त्याला थोडी तरी लाज राखावी लागते.

हे तपासायला डिस्कॉग्ज ही साइट उत्तम. अल्बमचं नाव टाका, श्रेयनामावली, वेगवेगळ्या देशांतल्या आवृत्त्या, मागच्या बाजूचे फोटो, सगळं मिळतं. ऑनलाइन सेवांवर श्रेयनामावली तुटक असते, म्हणून तिथे आवडलेलं गाणं इथे येऊन पडताळायचं.

संकलनाच्या नादात गाण्याचं काय होऊ शकतं, याचा मोठा धडा खुद्द जुआंव जिल्बेर्तोचाच आहे. त्याच्या पहिल्या तीन लाँग प्लेमधली गाणी ईएमआय कंपनीनं पुढे एका सीडीत कोंबली, सगळीच्या सगळी, आणि करताना आवाजावर नवे संस्कारही केले. त्याला ते मुळीच मानवलं नाही, तो कोर्टात गेला. वर्षानुवर्षं भांडण चाललं आणि त्या मूळ तबकड्यांच्या अधिकृत आवृत्त्या बाजारात दुर्मीळ झाल्या. काही लोकांना हा माणूस हेकट वाटला. मला वाटतं, ज्यानं आयुष्यभर आवाज कमी करायची साधना केली, त्याच्या आवाजाला परस्पर गुंजन जोडलं तर त्याचं बिनसणारच.

पायरी ४: कुठली संकलनं आधी ऐकावीत

सगळी मिळवायची गरज नाही. मी ज्या क्रमानं सुचवेन तो असा.

'रेड हॉट प्लस रिओ' (१९९६) आधी. एड्सविरोधी कामासाठी निधी उभारणाऱ्या रेड हॉट संस्थेचं हे संकलन जोबीमच्या संगीताला वाहिलेलं आहे. ब्राझीलचे जुने-नवे गायक आणि इंग्लंड-अमेरिकेतले त्या काळचे इलेक्ट्रॉनिक कलाकार एकाच पानात वाढलेले. काही गाणी आज शिळी वाटतील, पण हा प्रवाह कुठून फुटला ते इथे दिसतं. संकलनासाठी गाणी मुद्दाम नव्यानं करवून घेतलेली आहेत, जुनी गोळा केलेली नाहीत. हा मोठा फरक.

मग ब्रसेल्सच्या क्रॅम्ड डिस्क्सच्या झिरिगिबूम या शाखेचं 'द नाऊ साउंड ऑफ ब्राझील' (२००३). बेबेल जिल्बेर्तो, सुबा, बोसाकुकानोव्हा, ॲमस्टरडॅमचे झुको १०३, सेल्सो फोन्सेका ही सगळी याच घरातली मंडळी, त्यामुळे एकाच संकलनात सगळ्यांची चव मिळते. नवख्या माणसाला एकच संकलन सांगायचं झालं तर मी हे सांगेन.

तिसरं म्युनिकच्या कॉम्पोस्ट कंपनीचं 'ग्लुक्लिश'. रायनर ट्रुबी या डीजेनं १९९४पासून लावलेली ही मालिका. यात युरोपातल्या संगीतकारांनी ब्राझीलच्या धर्तीवर केलेलं जुनं-नवं बरंच काही आहे, शुद्ध बोसा कमी. पण याद्या लावणं म्हणजे काय, हे शिकायला याहून चांगला गुरू नाही. जर्मन माणूस इटलीतली विसरलेली तबकडी ब्राझीलच्या नव्या गाण्याशेजारी ठेवतो आणि दोन्ही खुलतात. इटलीवरून आठवलं: मिलानच्या स्केमा रेकॉर्ड्सवर आलेला बारीच्या निकोला कोन्तेचा 'जेट साउंड्स' (२०००) संकलन नव्हे, पण या संग्रहात तो नसेल तर जेवणात लोणचं नसल्यासारखं.

पुटुमायो कंपनीची 'ब्राझिलियन ग्रूव्ह' (२००३) आणि 'ब्राझिलियन लाउंज' (२००६) ही सौम्य, घरगुती संकलनं. सोबतच्या पुस्तिकेत कलाकारांची नीट माहिती असते, तेवढ्यासाठीही घ्यावीत. 'तांतो तेम्पो'च्या रीमिक्सचं स्वतंत्र संकलन (२००१) शेवटी ठेवा. मूळ अल्बम पाठ झाल्यावरच त्याची गंमत कळते.

इबिझाच्या कॅफे देल मारपासून पॅरिसच्या हॉटेल-बारांच्या नावानं निघालेल्या मालिकांपर्यंत लाउंज संकलनांमध्येही अधूनमधून बोसा सापडते. शंभर खडे चाळायची तयारी असेल तर जा.

पायरी ५: आता आपली यादी

तासाभराचं संकलन धरू. सीडीवर ७४ ते ८० मिनिटं मावतात, तबकडीच्या एका बाजूला साधारण २२. या मर्यादांनीच जुनी संकलनं आटोपशीर ठेवली. ऑनलाइन यादीला तळ नसतो, म्हणून आपणच घालायचा. साठ मिनिटं, चौदा गाणी, बस.

आधी चाळीसेक गाण्यांची लांबट यादी करा आणि कागदावर किंवा तक्त्यात प्रत्येकापुढे लिहा: वर्ष, आवाज आहे की नुसतं वाद्य, भाषा, वरच्या चारांपैकी प्रकार आणि वेग. वेगासाठी मिक्स (Mixxx) हे मोफत डीजे सॉफ्टवेअर वापरता येतं. बोसाच्या बाबतीत सॉफ्टवेअर हमखास गोंधळतं. तेच गाणं कधी ६५ दाखवतं, कधी १३०. दोन्ही बरोबर. कुठला ठोका एक धरला त्याचा प्रश्न. तुम्ही सगळीकडे एकच रीत ठेवा. मी अंगठ्याचे ठोके मोजतो, म्हणून माझ्या तक्त्यात ६५ असतं.

मग कात्री. एकाच मूळ गाण्याची दोन रूपं असतील तर एक काढा. इपानेमाच्या पोरीचं गाणं ('द गर्ल फ्रॉम इपानेमा') तर मी सरसकट काढतो. ते लिफ्टमध्ये ऐकायला मिळतंच. चिखल असलेली काढा, पाण्याखालची थरथर असलेली काढा. इतर भाषांतली गाणी तीनपेक्षा जास्त नकोत, कारण या संगीताचं निम्मं मार्दव पोर्तुगीज नाकातल्या स्वरांत आहे.

पोर्तुगीजचं निघालं म्हणून. त्या कॅफेत एक वयस्क गोंयकार येत. जुन्या शाळेत पोर्तुगीज शिकलेले. त्यांनी एकदा मला विचारलं, "ही बाई साउदाजी का म्हणते? साउदाद म्हणायला हवं." रिओचे लोक 'इ' स्वराच्या आधी 'द'चा 'ज' आणि 'त'चा 'च' करतात, शब्दाच्या शेवटी तर हटकून, आणि ब्राझीलला 'ब्राझीउ' म्हणतात. गोव्यात रुजली ती लिस्बनची पोर्तुगीज. साउदाद म्हणजे जे गेलं किंवा जे दूर आहे त्याची गोड हुरहुर, आणि या संगीताचा तो कणा. आपल्यालाही ही भाषा अगदीच परकी नाही. पगार, चावी, बादली, बटाटा, पाव हे सगळं तिकडूनच आलं. बोसा नोव्हात चावी-बादली फारशी येत नाही म्हणा, पण जोबीमच्या एका गाण्यात खिडकीतून रिओतला कोर्कोवादोचा डोंगर दिसतो आणि ती खिडकी 'झनेला' असते. कोंकणीत जनेल. त्या गृहस्थांना हे दाखवलं तर त्यांनी दुसरी कॉफी मागवली.

क्रम लावणं हे खरं काम. माझी रीत अशी आहे. पहिलं गाणं यंत्राविना किंवा जवळपास यंत्राविना, जुनं किंवा नव्या गायकाचं, अडीच मिनिटांच्या आतलं. कानाला गिटार दाखवून ठेवायची. दुसऱ्या-तिसऱ्यात यंत्र हळूच आणायचं, पहिल्या प्रकारातलं. चौथ्यापासून सातव्यापर्यंत वेग चढू द्या. ९० ते १००च्या निवांत ठेक्यावरून ड्रम अँड बेसपर्यंत जायचं असेल तर ८५-८७चं एखादं गाणं मध्ये ठेवा, ते दोन्हीकडे पाय टेकून उभं राहतं. हाऊस हवंच असेल तर ते ६० ते ६४ वेगाच्या बोसाशेजारी, कारण दुप्पट केलं की १२० ते १२८ होतं. आठव्या जागेवर एकदम सगळं उतरवा: फक्त आवाज आणि गिटार. या जागी लोक बोलता बोलता मान वर करतात. मावसभावाच्या तक्रारीवरचं औषध हेच होतं. नववं ते बारावं पुन्हा मिश्र, यात एक तरी नुसत्या वाद्यांचं. तेराव्या जागी चौथ्या प्रकारातला विनोद चालतो. चौदावं मला नेहमी मागच्या पिढीचं आवडतं.

लागोपाठ दोन कुजबुजणाऱ्या बायका नकोत. एवढा एकच नियम मी कधी मोडत नाही.

पायरी ६: सांधे

दोन गाणी एकमेकांत विरघळवायचा मोह आवरा. स्पॉटिफायवर क्रॉसफेड (एक गाणं विरताना दुसरं वर येणं) बारा सेकंदांपर्यंत नेता येतो. बोसाला शून्य ते दोन पुरे. जुन्या गाण्यांची लय हलती असल्यामुळे ठेक्याला ठेका जुळत नाही आणि दोन अंगठे एकमेकांना अडखळतात. फक्त तिसऱ्या प्रकारातली गाणी, वेग एक-दोन ठोक्यांच्या फरकात असेल तर, आठ-सोळा मात्रांवर मिसळावीत. बाकी ठिकाणी गाणं संपू द्या. शेवटच्या तारेचा नाद विरेपर्यंत थांबा, मग पुढचं.

आवाजाची पातळी मात्र सारखी करावीच लागते. १९५९चं मोनो ध्वनिमुद्रण आणि २००५चं दाबून मोठं केलेलं गाणं शेजारी आलं की श्रोता दचकतो. ऑनलाइन सेवांमध्ये आवाज समान ठेवायचा पर्याय सेटिंगमध्ये असतो, तो चालू ठेवा. स्वतःच्या फाइली असतील तर ऑडॅसिटीमध्ये लाउडनेस नॉर्मलायझेशन वापरून सगळ्या उणे १६ लफ्सवर (LUFS, कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) आणा. जुन्या गाण्याची खरखर काढायच्या भानगडीत पडू नका. खरखरीसोबत बोटांचा तारेवरचा घसरता आवाजही जातो.

तयार यादी आधी हेडफोनवर, मग स्वयंपाकघरात लहान स्पीकरवर, कुकरची शिट्टी चालू असताना ऐका. ज्या गाण्यातली गिटार त्या गोंगाटात पूर्ण नाहीशी होते, ते कॅफेतही नाहीसं होणार.

दुकानात वाजवणार असाल तर

घरात हवं ते करा. कॅफे, हॉटेल, दुकान असेल तर कॉपीराइट कायदा, १९५७ लागू होतो. गीत-संगीताचे हक्क आणि ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगवेगळे असतात. पहिल्यासाठी आयपीआरएस आणि दुसऱ्यासाठी पीपीएलसारख्या संस्थांकडून परवाना घ्यावा लागतो, आणि तुम्ही वाजवणार त्या कंपन्यांचे हक्क नेमके कुणाकडे आहेत, हे आधी विचारून घ्यावं. ऑनलाइन सेवेचं वैयक्तिक खातं दुकानात वाजवायला चालत नाही, मासिक पैसे भरत असलात तरी. मावसभाऊ आणि मी हे उशिरा शिकलो.

यादी लावून झाली की आठवडाभर तिला हात लावू नका. मग एका संध्याकाळी सलग ऐका आणि ज्या तीन गाण्यांच्या वेळी मन दुसरीकडे गेलं ती काढा. त्यांच्या जागी नवं काही भरू नका. माझी सध्याची यादी अकरा गाण्यांची, सदतीस मिनिटांची आहे. मावसभाऊ ती संध्याकाळी दोनदा लावतो. दोन फेऱ्यांच्या मध्ये दहा मिनिटं स्पीकर बंद असतो, तेव्हा बाहेरचे बेडूक ऐकू येतात.